खानदेशातल्या हिवाळी बदकांसाठी पाणथळींचं नियोजन: नव्या माणसानं सुरुवात कुठून करायची

दिवाळी झाली की दरवर्षी दोन-तीन नवी पोरं फोन करतात. "भाऊ, बदकांसाठी काहीतरी करायचंय, कोणती दुर्बीण घेऊ?" मी सांगतो, दुर्बीण नंतर घे, आधी पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात जा आणि यंदाच्या रब्बी आवर्तनांच्या, म्हणजे धरणातून शेतीला पाणी सोडायच्या पाळ्यांच्या, तारखा लिहून आण. बहुतेक जण परत फोन करत नाहीत. जे करतात त्यांच्यासाठी हे लिहितोय.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत बदकं उतरतात ती जवळपास सगळी अडवलेल्या पाण्यावर. हतनूर, वाघूर, अनेर, सुकी, बोरी, मन्याड, अक्कलपाडा यांचे फुगवटे, तापीवरच्या सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा बॅरेजमागचं पाणी, आणि गावोगावचे लघु व पाझर तलाव. हे पाणी केळीसाठी, गहू-हरभऱ्यासाठी, गावाच्या नळासाठी अडवलेलं आहे. आवर्तन सुटलं की पातळी उतरते, काठ उघडा पडतो, आणि त्या उघड्या पडणाऱ्या काठावरच बदकाचं जेवण असतं. म्हणजे खानदेशातल्या बदकांचा हिवाळा आवर्तनाच्या वेळापत्रकावर चालतो. ते वेळापत्रक न बघता केलेला कुठलाही आराखडा जानेवारीत कोरडा पडतो, अक्षरशः.

पक्षी पाहणाऱ्यांत खानदेशचं नाव झालं ते रानपिंगळा या छोट्या घुबडामुळं. शंभराहून जास्त वर्षं कुणाला न दिसलेला तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला, तेव्हापासून बाहेरून येणारा माणूस तोरणमाळ, तळोदा, यावल असा जंगलाकडं जातो. रास्तच आहे. पण त्यामुळं सपाटीवरच्या पाण्याकडं बघणारे कमी, आणि नव्या माणसाला करण्यासारखं काम इथंच जास्त.

आधी पाहुण्यांची ओळख, आणि त्यांना किती पाणी लागतं ते

सगळी बदकं एका खोलीच्या पाण्यात जेवत नाहीत. एवढं डोक्यात बसलं की अर्धं नियोजन समजलं.

पहिला गट डोकं बुडवून, शेपूट वर करून चरणाऱ्यांचा. भुवई बदक सगळ्यांत आधी येतं, पोळ्याच्या आसपास, पाऊस संपायच्याही आधी. मग थापट्या, चक्रांग, तलवार बदक, गडवाल, तरंग. यांचं जेवण घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंतच्या पाण्यात, साधारण ३० सेंटिमीटरच्या आत. चक्रांग लहान, त्याला वीतभर पाणी पुरतं. तलवार बदकाची मान लांब, ते थोड्या खोल जागीही पोचतं. थापट्याची चोच फावड्यासारखी, कडेला गाळणी. तो पाणी गाळून बारीक किडे, बिया खातो. गडवाल आणि तरंग जास्त करून पाणवनस्पतींवर जगतात, तरंग तर काठावर येऊन गवतही चरतो.

दुसरा गट पूर्ण बुडी मारणाऱ्यांचा: छोटी लालसरी, मोठी लालसरी, शेंडी बदक. यांना एक ते तीन मीटर पाणी आणि तळाला वनस्पती हवी. हे मधोमध बसतात.

तिसरा, चक्रवाक आणि पट्टकदंब. हे पाण्यावर फक्त मुक्कामाला. चरायला काठच्या गवतात आणि शेतात जातात. चक्रवाक लडाख-तिबेट-मध्य आशियातून येतो, पट्टकदंब हिमालय ओलांडून. शेतकऱ्याशी भांडण होतं ते याच दोघांमुळं, त्यावर पुढं येतो.

याशिवाय हळदीकुंकू, अडई, नकटा ही आपली घरची बदकं, बारमाही. मोजताना ती वेगळी लिहायची. आणि चांदवा म्हणजे बदक नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी उन्हाकडं तोंड करून एका धरणावर साडेचारशे "लालसऱ्या" मोजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सूर्य पाठीशी घेऊन उभा राहिलो तर त्यातल्या चारशे चांदवा निघाल्या, पांढरं कपाळ घेऊन.

टापू आखा, तलाव निवडू नका

नवा माणूस आपल्या गावाजवळचं एक पाणी निवडतो आणि तेवढंच वाचवायला निघतो. बदक तसं राहत नाही. दिवसा एका पाण्यावर विश्रांती, रात्री दुसरीकडं चरणं, आणि महिन्यागणिक मुक्काम बदलणं हा त्याचा नेम.

हे मला पक्ष्यांच्या पुस्तकानं शिकवलं नाही. वाघूरकाठी जाळं विणत बसलेले एक नाना होते. मी तीन दिवस सकाळी येऊन वही भरत होतो. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "भो, तुमी दिनले येतस नी बदकं रातले चरतस." त्या संध्याकाळी थांबलो. अंधार पडता पडता, सव्वासहाच्या सुमाराला, मधोमध झोपल्यासारखे बसलेले थवे उठले आणि दहा-दहा, वीस-वीसच्या रांगा करून दक्षिणेला गेले. पंखांचा आवाज तेवढा डोक्यावरून गेला. तीन दिवस मी ज्याला त्यांचं घर समजत होतो, ते फक्त झोपायचं ठिकाण होतं.

तेव्हा नकाशावर साधारण २० किलोमीटरचं वर्तुळ काढा. हा माझा अंदाजाचा आकडा आहे, शास्त्राचा नियम नाही. पण एका टीमला सांभाळता येईल एवढा टापू त्यात बसतो. त्यातलं प्रत्येक पाणी टिपा. गुगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं बघता येतात. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं दर पाच दिवसांनी, १० मीटरच्या बारकाव्यानं, फुकट मिळतात. गेल्या तीन वर्षांचं ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीचं चित्र शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येक पाण्यापुढं एकच गोष्ट लिहा: पाणी कधी आटतं.

उदाहरण म्हणून रावेर-यावलचा पट्टा घ्या. वर सातपुड्याच्या पायथ्याला सुकी, अभोरा, मंगरूळ, मोर ही धरणं, खाली तापी-पूर्णेच्या संगमाभोवती हतनूरचा फुगवटा. पायथ्याचं धरण दरीत बसलेलं असतं, काठ उभे, पाणी खोल. ते लालसरीच्या कामाचं. हतनूर उलटं. त्यात गाळ एवढा साचलाय की पाटबंधारेवाले त्याच्या नावानं कपाळावर हात मारतात, आणि नेमक्या त्या गाळामुळं चांगदेवकडचा उथळ पट्टा थापट्या-तलवार बदकांना सोयीचा झाला. हतनूर देशातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत आहे. या पट्ट्याचा आराखडा करायचा तर वरचं खोल पाणी आणि खालचं उथळ पाणी एकाच कागदावर हवं. पारोळा-एरंडोलकडं बोरी, भोकरबारी, म्हसवे, अंजनी असाच एक झुबका आहे.

टापू आखून झाला की बघायचं: ऑक्टोबर ते मार्च या प्रत्येक महिन्यात, टापूत कुठं ना कुठं ३० सेंटिमीटरच्या आतलं पाणी आहे का? ऑक्टोबरमध्ये सगळे तलाव भरलेले, उथळ काठ गवतात बुडालेले. डिसेंबरात लहान तलावांचे काठ उघडे पडतात. जानेवारीअखेर लहान तलाव संपतात आणि मोठ्या धरणांची शेपटं, म्हणजे भिंतीपासून लांबची उथळ टोकं, उघडी होतात. बहुतेक टापूंत एखादा महिना रिकामा सापडतो; आमच्याकडं तो फेब्रुवारी होता. परतीच्या प्रवासाआधी अंगावर चरबी चढवायची वेळ, आणि नेमकं तेव्हाच जेवण नाही. तुमचा सगळा जोर त्या रिकाम्या महिन्यावर लावा.

काठाचा उतार: गुंठ्यात मांडलेलं गणित

नव्या लोकांना मी हे गणित पहिल्याच दिवशी करायला लावतो. काठाचा उतार शंभराला एक असेल, म्हणजे शंभर मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली, तर ३० सेंटिमीटरपर्यंतचा पट्टा ३० मीटर रुंद होतो. असा काठ एक किलोमीटर लांब असला तर तीन हेक्टर, जवळजवळ साडेसात एकर जेवणाचं ताट. आता त्याच काठावर जेसीबी लावून तिनाला एक असा उतार कापला, तर पट्टा ९० सेंटिमीटरचा. किलोमीटरभर काठाला नऊ गुंठेही भरत नाहीत.

पाणी तेवढंच, उलट जास्तच. फोटोत तलाव आधीपेक्षा सुंदर दिसतो. बदकं मात्र गेलेली असतात आणि का गेली ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या तलावाचा उतार कळायला महागडं यंत्र नको. शाखा कार्यालयात प्रत्येक धरणाचा पातळी, बुडीत क्षेत्र आणि साठ्याचा तक्ता असतो. तो मागून घ्या. पातळी अर्धा मीटर उतरली की किती हेक्टर उघडे पडतात ते त्यात सरळ वजाबाकीनं निघतं. लहान तलावाचा तक्ता जुना असतो किंवा गाळानं खोटा ठरलेला असतो. तिथं बांबूच्या काठ्या करा. दर १० सेंटिमीटरला लाल पट्टा मारायचा, मे महिन्यात कोरड्या तळात रोवायच्या, हिवाळ्यात काठावरूनच दुर्बिणीनं आकडा वाचायचा. पाच-सहा रोवा. एखादी पुरात जाते, एखादी जाळ्यात अडकते म्हणून मासेमार उपटून टाकतात, आणि एकीवर खंड्या कायमचा मुक्काम ठोकतो.

हे पाणी कुणाचं?

मोठी आणि मध्यम धरणं जलसंपदा विभागाची, आपल्याकडं तापी पाटबंधारे विकास महामंडळाच्या हाताखाली. लहान तलाव मृद व जलसंधारण विभागाचे किंवा जिल्हा परिषदेचे. गावतळं ग्रामपंचायतीचं. जळगावच्या मेहरूणसारखं शहरातलं पाणी महापालिकेचं. अनेर धरणाभोवती अभयारण्य असल्यानं तिथं वनखातं. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडं. उतरत्या पाण्यामागं उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर कसणारी कुटुंबं वेगळी, आणि त्यातली बरीच धरणात जमीन गेलेलीच. कालव्याखाली पाणी वापर संस्था. आणि कधी, किती पाणी सोडायचं हे ठरतं कालवा सल्लागार समितीत.

प्रत्येक पाण्यापुढं हे मालक-वापरकर्ते लिहून काढा. सातबारा आणि गाव नकाशा बघा. तलावाची हद्द कागदावर एक आणि जागेवर दुसरी असं फार ठिकाणी निघतं. कंटाळवाणं काम आहे, दोन महिने जातात. टाळू नका. आमच्यातल्या एकानं पूर्ण हिवाळा ज्या कार्यालयात अर्ज दिले, त्या कार्यालयाचा त्या तलावाशी काही संबंधच नव्हता, आणि हे तिथल्या कुणीही त्याला सांगितलं नाही.

मोजणी

आठ बाय बेचाळीसची दुर्बीण बास. तीन-चार जणांत मिळून एक स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची एकनळी, लांबचं बघायची दुर्बीण) घ्या. धरण मोठं असतं आणि थवा मधोमध असतो. दुर्बिणीनं चक्रांग आणि भुवई बदकाच्या माद्या वेगळ्या करायला जाल तर डोळ्याला पाणी येईल, ओळख पटणार नाही.

प्रत्येक पाण्यावर दोन-तीन जागा पक्क्या करा, दरवेळी तिथूनच मोजा. उजाडल्यापासून दोन तासांत, सूर्य पाठीशी. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी एक-एक मोजा, ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात भरा, मग तेवढ्या ठोकळ्यांनी पुढं जा. थवा उडाला तर आकड्यासमोर "उडालेला" असं लिहा, अंदाज फुगवू नका. जवळ जाऊन फोटो काढायचा मोह आवरा, ड्रोन तर बिलकूल नको. एकदा उठवलेला थवा परत बसेपर्यंत जी ताकद खर्च करतो, ती त्याला रात्री कुठून तरी भरून काढावी लागते.

महिन्यातून दोनदा मोजा. जानेवारीची एक मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेच्या तारखांत बसवा. ही गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, त्यामुळं तुमचा आकडा मोठ्या नोंदीत जातो. शिवाय ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. संक्रांतीच्या दोन-तीन दिवसांत गावाजवळच्या तलावावर मोजू नका, पतंग-मांजामुळं आकडा खोटा येतो. तसंच दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आणि महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताईची यात्रा. त्या दिवसांत मोजलं तर शेऱ्यात तसं लिहा.

पक्ष्यांच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा दुसरा रकाना असतो आणि तोच सगळे विसरतात. त्या दिवशीची धरणाची पातळी. पाण्यात किती होड्या, किती जाळी. काठावर ट्रॅक्टर, पंप, गुरं, कुत्री. दोन हिवाळ्यांनी याच रकान्यातून तुम्हाला उत्तरं मिळतात. आमच्या एका तलावावर बदकं दर मंगळवारी कमी भरायची. बाजाराच्या आदल्या दिवशी सगळी जाळी एकदम पडत होती, एवढंच कारण.

कायद्याची वाट, आणि ती कुठं बंद होते

नवा कार्यकर्ता लगेच रामसर, रामसर करायला लागतो. रामसर म्हणजे पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार. त्या कराराचे निकष मोठे आहेत: नेमानं २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या त्या प्रवासमार्गावरल्या एकूण संख्येच्या एक टक्का पक्षी, असे त्यातले दोन. आकडे नसताना मागणी करून हसू करून घेऊ नका.

पाणथळ संवर्धनाचे २०१७ चे नियम वाचा आणि त्यातली व्याख्या दोनदा वाचा. नदीपात्र, भातशेती, आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मत्स्यपालनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे त्या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे आपल्या टापूतलं जवळजवळ सगळंच. अधिसूचित पाणथळीच्या पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको, हे कलम तुमच्या धरणाला आपोआप लागू होत नाही. अर्ज करण्याआधी हे माहीत असावं, नाहीतर पहिल्याच बैठकीत साहेब नियम उघडून दाखवतात आणि तुम्ही गप्प.

म्हणून वाट संपली असं नाही. नांदूरमध्यमेश्वर हा गोदावरीवरचा सिंचनाचाच बंधारा. १९८६ मध्ये तिथं अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. वन्यजीव कायद्यात सरकारी जागेवर संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आहे. जैवविविधता कायद्याखाली वारसा स्थळ घोषित होऊ शकतं. जळगावजवळच्या लांडोरखोरीला तो दर्जा आहे. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असतेच, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तुमचे आकडे चढवून घ्या, ते पुढं पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

पण माझं मत विचाराल तर पहिली तीन वर्षं दर्जाच्या मागं लागू नका. फलक लागतो, उद्घाटन होतं आणि गाळपेर करणारा घाबरून विरोधात जातो. त्याआधी पाणी वापरणाऱ्यांशी साधा, लेखी, हंगामापुरता समझोता करा. शिकारीचं मात्र वेगळं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं रानबदक मारणं गुन्हाच आहे, तिथं समझोता नाही, वनखात्याला कळवायचं.

काय मागायचं

एकच गोष्ट मागायची असेल तर विश्रांतीची जागा मागा. तलावाचा एक कोपरा, शक्यतो गावापासून लांबचं शेपूट, नोव्हेंबर ते फेब्रुवारी होडी नाही, जाळं नाही. आम्ही कुठंही तलावाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त मागितलं नाही. मासेमार संस्थेच्या चेअरमनला हे परवडतं, कारण त्या कोपऱ्यात मासळीही वाढते आणि फेब्रुवारीनंतर ती त्यांचीच. पण कोपरा त्यांना निवडू द्या. तुम्ही नकाशावर बोट ठेवलंत की बोलणं संपलं.

मत्स्यबीजाचाही विषय काढा. गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो, सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरून पाणी गढूळ करतो. हे दोन जास्त सुटले तर लालसरी आणि गडवालचं जेवण संपतं. कटला-रोहूवर भर ठेवायला संस्था तयार होतात, कारण भाव बरा मिळतो.

गाळपेर हा सगळ्यांत नाजूक विषय. पाणी जसं मागं हटतं तसा शेतकरी नांगर घेऊन मागं मागं येतो. हरभरा, गहू, पुढं टरबूज-डांगर. त्याला नको म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पण पाण्याच्या कडेपासून निदान २५-३० मीटर ओली चिखलाची पट्टी मोकळी सोडायची, आणि तिच्याकडं फवारणी न्यायची नाही, एवढं मागता येतं. ओल्या चिखलात पीक तसंही नीट येत नाही, त्यामुळं लोक फार ताणत नाहीत. पट्टकदंब हरभऱ्यात उतरले की शेतकरी रागावतो, आणि त्याचं बरोबर आहे. तेव्हा त्याच्या बांधावर जाऊन उभं राहा, नुकसान डोळ्यानं बघा, दोन दिवस सकाळी पक्षी हाकायला त्याच्यासोबत जा. "साहेब, हे दुर्मिळ आहेत" हे वाक्य त्याला ऐकवू नका.

पाण्याच्या पातळीबद्दल मागणी जपून करावी. आवर्तन थांबवा असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. मागायचं ते क्रमाचं. टापूत चार लघु तलाव असतील तर चारही एकाच पंधरवड्यात तळाला लावण्याऐवजी एकामागून एक उतरवता येतात का? तुमचा रिकामा महिना इथंच भरतो. कालवा सल्लागार समितीची रब्बीची बैठक होण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आसपास, एका पानाचा अर्ज आणि दोन वर्षांचे आकडे घेऊन शाखा अभियंत्याला भेटा. बैठक झाल्यावर भेटून उपयोग नाही. आम्हाला चारपैकी एका तलावावर तीन आठवडे मिळाले. त्या फेब्रुवारीत तिथं दोनशेच्या वर चक्रांग आणि थापटे थांबले.

बेशरम, जलपर्णी, पाणकणीस वाढलं असेल तर पक्षी गेल्यावर, एप्रिलपासून, हातानं काढा. पाणकणीस सगळं काढू नका. एक-दोन झुबके आडोशाला लागतात.

बैठकीत बसताना

पांझरा, मोसमच्या खोऱ्यात फड पद्धतीनं पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटून घेतलेली माणसं आहेत. पाटकरी कुणाच्या वावरात किती वेळ पाणी सोडायचं ते ठरवायचा आणि गाव ते मानायचं. अशा गावात जाऊन आपण पाणीवाटप शिकवायचं नसतं. जुन्या पाटकऱ्याला, आप्पाला, नानाला विचारायचं: पूर्वी बदकं कुठं बसायची, कोणत्या साली आली नाहीत. त्याला सांगायला आवडतं आणि नकाशात नसलेली दोन डबकी तिथंच कळतात.

आमची सगळ्यांत मोठी चूकही बैठकीतलीच. एका गावात सुशोभीकरणाचा निधी आला होता. आम्हीच उत्साहानं सुचवलं, तलावाच्या पश्चिमेला पायवाट करा, दोन बाकं ठेवा, लोक पक्षी बघतील. केलं. सुबक झालं. संध्याकाळी माणसं फिरायला येऊ लागली, मग भेळेची गाडी, मग भेळेमागं कुत्री. पश्चिमेचं ते शेपूट म्हणजे चक्रवाकांची दुपारची जागा होती. पुढच्या हिवाळ्यात त्या बाकावर बसून बघायला टिबुकल्या राहिल्या. तेव्हापासून पायवाट धरणाच्या भिंतीकडच्या बाजूलाच मागायची असं ठरवलंय.

मेलेला पक्षी दिसला तर

हात लावू नका. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरच्या कोंबड्यांत सापडला, आणि त्या साली पोल्ट्रीवाल्यांचं काय झालं ते तिकडं अजून लोक सांगतात. २०१९ मध्ये सांभर सरोवरावर हजारो पाणपक्षी मेले ते बोटुलिझमनं. तो आजार निराळा, पण लांबून फरक कळत नाही. एक-दोन पक्षी असोत की पन्नास, जागा आणि संख्या लिहून पशुसंवर्धन विभागाला आणि वनखात्याला कळवा. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवून आधीच घबराट करू नका, शेजारच्या पोल्ट्रीवाल्याचा भाव त्या दिवशी पडतो.

पक्षी गेल्यावरचे तीन महिने

मार्चच्या मध्यापर्यंत बदकं निघून जातात आणि टीम पांगते. खरं तर आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पावसापर्यंत सगळ्यांत जास्त हजर राहावं लागतं, कारण तेव्हा गाळ निघतो. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" या योजनेत शेतकरी गाळ नेतात, वावर सुपीक होतं, तलावात साठा वाढतो. तिला विरोध करू नका. गाळ कुठून काढायचा एवढंच बघा. मधल्या खोल भागातला काढू द्या, तेवढंच पाणी जास्त दिवस टिकेल. शेपटाकडचा उथळ काठ मात्र कापला जायला नको. कंत्राटदाराला काठाचा गाळ सोपा पडतो, ट्रॅक्टर जवळ लागतो म्हणून; लक्ष नसलं की तो तिथूनच सुरू करतो. ग्रामसभेच्या ठरावात काठ सोडायची ओळ घालून घ्या, काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ग्रामसेवक आणि दोन शेतकऱ्यांना घेऊन जागेवर फक्कीची रेघ मारा, आणि पहिले दोन दिवस तिथं सावली शोधून बसा. एप्रिलच्या उन्हात जेसीबीवाल्याला थंड पाणी नेऊन दिलं तर तो रेघेच्या आत येत नाही. आमच्या सव्वा किलोमीटर काठाला गेल्या वर्षी चार पोती फक्की लागली. पाणी मात्र किती लागलं ते मोजलं नाही.